रांगमावशी आणि आमदारसाहेबांचा नंबर

रांगमावशीचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नसे. तो तिला "अगं" म्हणायचा आणि बाकीचं शहर रांगमावशी म्हणायचं. तिचा धंदाच तो होता. लोकांच्या वतीने ती रांगेत उभी राहायची. पाणीपट्टीची रांग, पेन्शनची रांग, इस्पितळात नंबर काढायची रांग, जन्माच्या दाखल्याची, मृत्यूच्या दाखल्याची, आणि आपण अजून मेलेलो नाही हे सरकारला कळवायची रांग, अशा सगळ्या रांगांत ती बावीस वर्षं उभी होती. खिडकीपाशी पोचायला दोन माणसं उरली की ती गिऱ्हाइकाला फोन करायची. गिऱ्हाईक धावत यायचं, मावशी बाजूला व्हायची.

सुरुवात झाली ती सासूच्या पेन्शनपासून. त्या रांगेत तिच्या मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "ताई, माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. माझीही जागा धराल का?" तिने धरली. आजोबा बाकावर जाऊन चक्क घोरले. उठल्यावर त्यांनी तिच्या हातात चहाचे पैसे ठेवले आणि मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा कुलूप-किल्लीवाला, बाजाराच्या तोंडाशी त्याची कपाटाएवढी टपरी होती. हातातली कानस थांबवून तो म्हणाला, "नुसतं उभं राहायचे पैसे कोण देतं?"

"ज्याला बसायचंय तो," मावशी म्हणाली.

बघता बघता या विद्येत तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही. दोन रांगा दिसल्या की नवशिके आखूड रांगेकडे धावायचे. मावशी आधी खिडकीतल्या कारकुनाचं तोंड बघायची. नुकताच डबा खाऊन आलेला कारकून हळू चालतो, घरी भांडून आलेला जलद चालतो, कारण त्याला कुणाशी बोलायचंच नसतं. जाडजूड फाईलवाल्याच्या मागे ती कधी उभी राहत नसे. आणि ज्याच्या हातात एकही कागद नाही त्याच्या मागे तर मुळीच नाही. तो नुसता भांडायला आलेला असतो.

तर त्या वर्षी, निवडणुकीला तीन महिने असताना, एका वर्तमानपत्राने सगळ्या आमदारांच्या मालमत्तेची यादी छापली. मावशीच्या भागाचे आमदार त्यात पहिले आले. सात घरं, नऊ गाड्या, एक अख्खी टेकडी आणि दोन मोटारबोटी. शहराला समुद्र नव्हता. नदी होती, पण ती उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडता यायची. त्यामुळे बोटींची चर्चा फार झाली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांनी टीव्हीवर खुलासा करायचं ठरवलं आणि तिथे घोळ झाला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गोड हसून विचारलं, "साहेब, तुम्ही शेवटचं रांगेत कधी उभे राहिलात?"

साहेबांनी छताकडे बघत खूप विचार केला. "एकदा विमानतळावर... नाही, तेव्हाही मी बसलोच होतो."

"बसचं तिकीट केवढ्याला आहे?"

"एका बसचं की सगळ्या बसचं?" साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस कंडक्टरला विचारू लागला, "एका बसचं द्या की सगळ्या बसचं?" कंडक्टर लोक वैतागून गेले. पोरं साहेबांच्या फलकाखाली उभी राहून कागदी होड्या सोडू लागली. पक्षातल्या वरच्या मंडळींनी साहेबांना निरोप धाडला: महिन्याभरात साधे व्हा, नाहीतर तिकीट विसरा.

त्यानंतर चौथ्या दिवशी कुलपांच्या टपरीपाशी एक लांबलचक गाडी येऊन थांबली. गल्लीत ती वळेना, म्हणून तिच्यातून एक घामाघूम गृहस्थ उतरून उरलेलं अंतर चालत आले. हे साहेबांचे पीए. दोन्ही हातांत दोन फोन होते, त्यामुळे त्यांना घाम पुसता येत नव्हता.

"रांगमावशी तुम्हीच का? साहेबांच्या वतीने रांगेत उभं राहायचंय. दोन तास. फोटोवाला आम्ही आणू."

मावशीने त्यांना स्टूल दिलं. "माझी ना नाही. पण फोटोत मी दिसेन. साहेब कसे साधे होतील?"

पीए विचारात पडले. ही अडचण त्यांच्या लक्षातच आली नव्हती. शेवटी त्यांनी दोन्ही फोनांवर एकेकदा बोलून घेतलं आणि म्हणाले, "मग साहेबांनाच शिकवा."

नवऱ्याने मान वर न करता विचारलं, "उभं राहायला?"

"हो," पीए म्हणाले. "पण मागे."

शिकवणी साहेबांच्या बंगल्यावर ठरली. सात घरांपैकी हे चौथं. फाटकापासून दारापर्यंत जायला एक छोटी गाडी होती, तिच्यात मावशीला बसवण्यात आलं. मावशीच्या घरी फाटक, दार आणि स्वयंपाकघर हे सगळं एका उडीत येई. आत गेल्यावर ती हात धुवायला म्हणून निघाली आणि वाट चुकली. एका खोलीत नुसते जोडे होते. दुसऱ्या खोलीत काहीच नव्हतं, फक्त थंड हवा सोडून ठेवली होती. तिसऱ्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ टीव्ही बघत बसले होते. ते म्हणाले, "मी साहेबांचा सासरा. तुम्हाला बाहेरची वाट सापडली तर मलाही सांगा."

दिवाणखान्यात पीएंनी रांगेची तयारी केली होती. एक टेबल, त्यामागे खोटा कारकून म्हणून माळीबुवा, आणि टेबलासमोर नऊ गाड्यांचे नऊ ड्रायव्हर ओळीने. साहेब आले. गोरेगुबगुबीत, सुवासिक, चेहऱ्यावर गोंधळलेलं हसू. फलकावर होते तसे मात्र दिसेनात, कारण फलकावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता.

"तुम्ही शेवटी उभे राहा," मावशी म्हणाली.

साहेब "बरं" म्हणाले आणि थेट टेबलापाशी जाऊन उभे राहिले. नऊ ड्रायव्हर झपकन दोन्ही बाजूंना सरकले आणि एका आवाजात म्हणाले, "या साहेब, या!"

"मागे! शेवटी!" मावशी ओरडली.

साहेब परत गेले, वळले आणि पुन्हा पुढे आले. त्यांचा काही दोष नव्हता. पाय आपोआपच पुढे जात होते. तीनदा असं झालं. माळीबुवा तर साहेब दिसले की खुर्चीतून उठून उभे राहत, म्हणून कारकुनाची खुर्चीच रिकामी होई. मावशीने आधी ड्रायव्हरांना फैलावर घेतलं. "तुम्ही बाजूला का होता? रांगेत साहेब नसतो. रांगेत फक्त एक पुढचा असतो आणि एक मागचा!"

चौथ्या खेपेला साहेब शेवटी उभे राहिले. पाऊण मिनिट गेलं.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती वेळ?"

"ते कुणालाच ठाऊक नसतं."

साहेब हादरले. "आणि लोक हे सहन करतात?"

"तुमच्याच कचेऱ्या आहेत," मावशी म्हणाली.

एवढ्यात पीएंनी हळूच मागून खुर्ची सरकवली. मावशीने ती उचलून सासऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवली, आणि जाताना त्यांना बाहेरची वाटही दाखवली.

आठवडाभर बंगल्यावर सराव झाला. मग मावशीने ठरवलं की खऱ्या रांगेत उतरायचं, फोटोवाल्याशिवाय. तिच्या एका गिऱ्हाईक बाईंच्या पाण्याच्या मीटरवर त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांचं नाव होतं, ते बदलायचं होतं. अर्ज साहेबांच्या हातात दिला. साहेब साधा सदरा घालून आले होते, पण त्याच्या पाठीवर दुकानातल्या घडीच्या चौकोनी रेघा तशाच होत्या. मावशीने नवऱ्याचा कोपरावर विरलेला स्वेटर त्यांना चढवला. पोटावर तो जरा ताणला, पण बसला.

पाणीपट्टी कचेरीत साहेबांचा नंबर एकतिसावा लागला. मावशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी चार माणसं मागे होती. भिंतीवर साहेबांचा भलामोठा फलक आणि त्याच्याखाली साहेब, पण कुणी ओळखेना. मागची भाजीवाली बराच वेळ एकदा वर आणि एकदा खाली बघत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, तुमचा चेहरा त्या आमदारासारखा आहे हो. पण तो बरा दिसतो."

"हो का?" साहेब पडेल आवाजात म्हणाले.

"दिसायलाच बरा. आमच्या गल्लीत पाइप फुटून चार महिने झाले. त्याच्याकडे दोन बोटी आहेत म्हणे, एक आम्हाला दिली असती तर सोय झाली असती."

पुढचा म्हातारा शिंपी वळून म्हणाला, "अहो, बोटींची हौस त्याला का, ते मला विचारा. आपल्या रस्त्यावर पावसात गाडी चालत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असणार."

सगळी रांग हसली. साहेबही हसले, कारण एकटं न हसणं वाईट दिसलं असतं. मग शिंप्याने खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि पुढे-मागे फिरवला. साहेबांच्या हातात एक बिस्कीट आलं. ते त्याच्याकडे बघतच राहिले. शेवटी मागे वळून मावशीला खुणेने जवळ बोलावलं आणि कुजबुजत विचारलं, "याच्या बदल्यात याला काय हवंय?"

"काही नको. खा."

"कंत्राट? बदली?"

"बिस्कीट आहे हो. खा की!"

साहेबांनी ते इतकं हळू खाल्लं की रांग दोन माणसं पुढे सरकली आणि भाजीवालीला त्यांना ढकलावं लागलं.

तासाभराने एक सूटवाला गृहस्थ बाजूने सरळ पुढे घुसला. "मला फक्त एकच विचारायचंय," असं म्हणत त्याने खिडकीत डोकं घातलं. आणि मग घडलं ते मावशी पुढे कित्येक दिवस रंगवून सांगायची. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला, स्वेटरचं एक बटण उडालं आणि त्यांच्या तोंडून गर्जना निघाली, "ओ महाशय! आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत का? मागे व्हा!" सूटवाला मागे झाला. रांगेने टाळ्या वाजवल्या. आमदारकीच्या पंधरा वर्षांत साहेबांना खूप टाळ्या मिळाल्या होत्या, पण न बोलावलेल्या माणसांनी वाजवलेल्या याच पहिल्या.

पावणेतीन तासांनी खिडकी आली. कारकुनाने कागद चाळले आणि म्हणाला, "मृत्यूच्या दाखल्याची प्रत नाही. उद्या या."

साहेब ताठ झाले. "तुम्हाला माहीत आहे का मी को..."

मावशीने चार माणसांच्या मागून येऊन त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द आतच राहिला.

तिला वाटलं, आता हे काही परत येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा साहेब रांगेत पाचवे होते, दाखल्याची प्रत छातीशी धरून. गाडी तीन गल्ल्या पलीकडे उभी केली होती. काम झालं. शिक्का मारलेली पावती मिळाली. ती गिऱ्हाईक बाईंना द्यायची होती, पण साहेबांना ती हातातून सोडवेना. शेवटी तिची एक प्रत काढून त्यांनी ती बंगल्याच्या दिवाणखान्यात चौकट करून लावली.

आणि मग साहेबांना रांगेचं वेडच लागलं. सकाळी पावाच्या रांगेत, दुपारी इस्पितळाच्या, संध्याकाळी बसच्या. बस आली की मागच्याला चढू देऊन पुन्हा शेवटी उभे. फोटोवाला दोन दिवस हिंडला, पण साहेब फोटोसाठी मान वर करेनात. मधेच मान वळवली तर कुणी घुसेल, ही धास्ती. घरी तर कहरच केला. बंगल्यात सात न्हाणीघरं होती, त्यांतली सहा त्यांनी कुलूपबंद केली. कुलपं अर्थात मावशीच्या नवऱ्याकडून घेतली. रोज सकाळी बायको, सासरा आणि दोन पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून एकाच दारासमोर उभे, आणि साहेब सगळ्यांच्या शेवटी, खूश. साहेबांच्या पत्नी मावशीला फोन करून म्हणाल्या, "अहो बाई, यांना काय शिकवलंत? काल हे माझ्या वडिलांना म्हणाले, तुमची कागदपत्रं अपुरी आहेत, उद्या या."

अशातच तो मंगळवार उजाडला. सभागृहात आमदारांची पगारवाढ मंजूर व्हायची होती. घरं, गाड्या, टेकड्या सगळं असलं तरी महागाई आमदारांनाही असते, असं ठरावात लिहिलं होतं. विरोधकांना ही लाज वाटल्याचं दाखवायची उत्तम संधी दिसली होती, त्यामुळे मतं अगदी काठावर होती. एकेक माणूस मोजून आणला जात होता.

साहेब त्या वेळी त्याच पाणीपट्टी कचेरीत दुरुस्ती विभागाच्या खिडकीसमोर भाजीवालीच्या गल्लीतल्या फुटक्या पाइपाची तक्रार घेऊन उभे होते. मावशी त्यांच्या मागेच होती. पुढे चारच माणसं उरली होती. पीए धापा टाकत आले.

"साहेब! चला! पंधरा मिनिटांत मतदान!"

"चारच राहिलेत."

"साहेब, एका मताने अडलंय!"

"दोन तास उभा आहे मी," साहेब कळवळून म्हणाले. "आता गेलो तर पुन्हा शेवटून!"

पीएंनी मावशीपुढे हात जोडले. "मावशी, तुम्ही धरा हो यांची जागा. मागाल ते देतो."

मावशीची जीभ "हो" म्हणायला उचललीच होती. तिचा तो रोजचा धंदा. पण साहेब मागच्या लोकांकडे वळून अजीजीने विचारू लागले, "मी जरा जाऊन आलो तर चालेल ना? मावशी आहेत इथे."

रांगेत चर्चा सुरू झाली. चष्मेवाले मास्तर म्हणाले, "काम काय आहे त्यावर ठरेल. दवाखाना असेल तर जा."

"दवाखाना नाही," साहेब म्हणाले. त्यांना आता रांगेत खोटं बोलवत नव्हतं. "पगार वाढवून घ्यायचाय."

"कुणाचा?"

"आमचाच. आमदारांचा."

मग भाजीवाली, जी पाइपाचं काय होतं ते बघायला आली होती, तिने वर फलकाकडे बघितलं, खाली बघितलं, आणि किंचाळली, "अगं बाई! हा तोच!"

मावशीला वाटलं, आता मार पडणार. पण रांगेला राग यायलाही उसंत नव्हती, कारण खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. मास्तरांनी थंडपणे निकाल दिला. "जायचं तर जा. पण आल्यावर शेवटी. मावशींनी जागा धरली तरी आम्ही मानणार नाही."

साहेबांनी पीएंकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. पुढचा माणूस काम आटोपून निघाला आणि रांग एक पाऊल सरकली. त्याबरोबर साहेबही सरकले. पाय आपोआपच पुढे गेले.

"तीन राहिले," ते म्हणाले.

पगारवाढ एका मताने पडली. पाइपाची तक्रार मात्र नोंदवली गेली, आणि अकरा दिवसांनी पाइप खरोखर दुरुस्त झाला. पक्षाने साहेबांना तिकीट नाकारलं. लोकांना वाटलं, हा माणूस आता अपक्ष उभा राहील आणि धो धो मतांनी निवडून येईल. साहेब अपक्ष उभे राहिलेही, पण सपाटून पडले. भाजीवाली मावशीला म्हणाली, "माणूस चांगला झाला हो, पण पंधरा वर्षांचं काय? एका पाइपात फिटत नाही ते." तिने मत नवीन उमेदवाराला दिलं, ज्याची घरं तीनच होती.

हरल्यावर साहेबांना वेळच वेळ झाला. ते रोज कचेऱ्यांच्या दारात येऊन म्हाताऱ्यांच्या जागा फुकट धरू लागले. इथे मात्र मावशीचं डोकं फिरलं. तिने त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"साहेब, फुकट उभं राहायचं नाही. माझा बाजार बिघडतो."

"पण मला पैशांची गरज नाही हो!"

"ती तुमची अडचण. दर सगळ्यांना एकच. आणि दुपारची वेळ तुमची, सकाळ माझी."

साहेबांनी निमूटपणे मान्य केलं. पहिल्या दिवसाची कमाई त्यांनी इतक्या वेळा खिशातून काढून बघितली की नोटेला घडी पडून ती फाटली. सातही घरं, नऊ गाड्या आणि टेकडी अजून त्यांच्याकडेच होती. त्यातलं काही वाटून टाकायचा विचार त्यांच्या मनात आला नाही, आणि मावशीनेही तशी आशा धरली नव्हती. एक बोट तेवढी त्यांनी विकायला काढली. ती कुणी घेतली नाही.

त्या हिवाळ्यात मावशीचा उजवा गुडघा सुजला. नवऱ्याने टपरी बंद करून तिला इस्पितळात नेलं, तर दारात साहेब उभे. "तुम्ही बसा," ते म्हणाले. "आज नंबर मी काढतो. फुकट नाही, दर लावीन." मावशी बाकावर बसली. सकाळचे नऊ वाजले होते. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता ती लंगडत बघायला गेली, तर साहेब नऊपासून उभे असूनही रांगेत सतरावे.

"हे काय?"

"एका बाईंच्या कडेवर तापलेलं मूल होतं, त्यांना पुढे सोडलं," साहेब म्हणाले. "मग एक आजी आल्या. मग एका गृहस्थांचं बोट चेंगरलं होतं. त्यांच्या मेहुण्यालाही पुढे सोडलं, तो फार रडत होता."

"अहो, मेहुण्याला काय झालं होतं?"

"ते विचारायचं राहिलं."

मावशीने कपाळाला हात लावला. तिचा नवरा मागून हळूहळू चालत आला, साहेबांच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "आता कुणी आलं तर माझ्याकडे पाठवा. मी ऐकून घेतो आणि नाही म्हणतो."

डॉक्टरांनी मावशीला चार वाजता तपासलं. महिनाभर उभं राहायचं नाही, असं सांगितलं.